चर्चानिबंध क्रमांक एकाहत्तर

“जसा आला तसा,” खासनीस सर म्हणाले. “हेच शब्द लिही, शहनाज. परिषदेकडे आलेला प्रत्येक चर्चानिबंध, जसा आला तसा, आला त्या तारखेसह, इंटरनेटवर ठेवला जाईल. काही वगळायचं नाही, काही सुधारायचं नाही.”

मी लिहिलं. समोर कार्यकारिणीचे नऊ सभासद बसले होते आणि त्यांतल्या सात जणांच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखा भाव होता.

“सर, चर्चानिबंध म्हणजे कच्चं लिखाण,” कार्यवाह लोंढे सर म्हणाले. “अधिवेशनात वाचायचं, लोकांची बोलणी खायची आणि घरी जाऊन दुरुस्त करायचं. तीस-तीस वर्षांपूर्वीचं ते सगळं जगापुढे मांडायचं म्हणजे…”

“म्हणजे काय?”

“लोक वाचतील ना.”

“त्यासाठीच मांडायचं,” खासनीस सर म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

ही गोष्ट २००८ सालची. दख्खन जलेतिहास परिषदेचं कार्यालय नगरमध्ये एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत होतं. जुन्या विहिरी, तळी, पाट, बारवा यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संस्था. सभासद एकशे चाळीस, सरासरी वय एकसष्ट. १९६१ पासून दरवर्षी अधिवेशन भरायचं, सहा-सात निबंध वाचले जायचे आणि टंकलिखित प्रती स्टीलच्या कपाटातल्या खोक्यांत जायच्या. तिथून त्या पुन्हा बाहेर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. अध्यक्षांनी, म्हणजे प्रा. दिगंबर खासनिसांनी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी अचानक मनावर घेतलं की हे सगळं ऑनलाइन झालं पाहिजे. मी एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल होते. आठवड्यातले तीन दिवस मला परिषदेकडे पाठवण्याची व्यवस्था सरांनीच केली.

सरांचा शब्द मी मोडणं शक्य नव्हतं. माझे अब्बा घड्याळं दुरुस्त करत. सर एकदा दुकानात घड्याळ घेऊन आले आणि ते दुरुस्त होईपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून, पोरीला ग्रंथालयशास्त्राला का घालायचं हे अब्बांना समजावत राहिले. घड्याळ वीस मिनिटांत झालं होतं. सर दोन तास बसले. पुढच्या जूनमध्ये माझा प्रवेश झाला.

काम सुरू झालं. एक स्कॅनर, एक संगणक, तीनशे बारा निबंध. प्रत्येकाला तारखेनुसार क्रमांक द्यायचा, पानं स्कॅन करायची, लेखकाकडून संमतिपत्र घ्यायचं. लेखक हयात नसेल तर वारसांकडून.

बातमी पसरली तसे सभासद येऊ लागले. एक निवृत्त प्राचार्य संगमनेरहून आले आणि म्हणाले, माझ्या १९८१ च्या निबंधात एक वेलांटी चुकली आहे, तेवढी दुरुस्त करून देतो. मी प्रत दिली नाही, फोटोकॉपी दिली. चार दिवसांनी ते परत आले तेव्हा अकरा पानांची सव्वीस पानं झाली होती, निष्कर्ष उलटा झाला होता आणि तारीख मात्र १९८१ चीच होती.

“वेलांटी दुरुस्त केली,” ते म्हणाले.

मी त्यांना नियम दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “हे दिगंबरनं लिहिलंय?” त्यांनी विचारलं आणि मान हलवत निघून गेले.

निबंध मी वाचत नव्हते. स्कॅन करणाऱ्यानं वाचत बसलं तर काम होत नाही. पण एका दुपारी एक मथळा दिसला आणि मी थांबले. ‘टाकेसांगवीची बारव आणि तिच्या सहा बहिणी’. लेखिका कु. इंदुमती वाघचौरे, प्राथमिक शिक्षिका. जानेवारी १९७२. माझ्या यादीत त्याचा क्रमांक एकाहत्तर होता. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. आणि विहिरीला बहिणी आहेत असं परिषदेत दुसऱ्या कोणी म्हटलेलं नव्हतं.

मी पहिलं पान वाचलं. मग खुर्चीत नीट बसून सगळी अठरा पानं वाचली.

हा मजकूर मी आधी वाचला होता. खासनीस सरांचं नाव ज्या पुस्तकानं झालं, ‘सात बारवांचा मार्ग’, त्याचा तिसरा अध्याय हाच होता. जुन्या व्यापारी रस्त्यावरच्या सात बारवा, सगळ्यांची मापं एक, घडण एक. टाकेसांगवीच्या बारवेच्या दारावरच्या दगडात शके ११४२ कोरलेलं. म्हणजे सातही बारवा आठशे वर्षांपूर्वी एकाच राजानं, एकाच आराखड्यानं बांधल्या. हा सरांचा सिद्धान्त. बी.ए.ला इतिहासात आम्हाला तो पाठ होता. पुस्तक १९७५ चं. त्याला राज्यपातळीवरचं पारितोषिक मिळालं, सहा आवृत्त्या निघाल्या.

कार्यालयात पुस्तक होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. मापांचा तक्ता तोच. चौथ्या बारवेच्या पायऱ्या तक्त्यात बत्तीस आणि मजकुरात चौतीस होत्या. पुस्तकातही तक्त्यात बत्तीस आणि मजकुरात चौतीसच. ऋणनिर्देशात ब्याऐंशी नावं होती. जीपच्या ड्रायव्हरचं होतं. वाघचौरे हे नाव नव्हतं.

मी निबंध एका कापडी पिशवीत घातला आणि घरी नेला. यादीत क्रमांक एकाहत्तरपुढे लिहिलं, ‘अप्राप्य’.

दोन दिवसांनी लोंढे सर यादी चाळत होते. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

“काय सर?”

“काही नाही.” त्यांनी पान उलटलं. “समजूतदार आहेस.”

म्हणजे लोंढे सरांना माहीत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघा सभासदांनी, दुसरंच काही विचारायला आल्याचं दाखवत, ती यादी मागून घेतली आणि समाधानानं परत केली.

उद्घाटन जूनच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. मेच्या अखेरीस खासनीस सर काम बघायला आले. हातात पेन्सिल घेऊन त्यांनी यादी पहिल्या ओळीपासून तपासायला घेतली. मी चहा सांगितला. सत्तरावर बरोबरची खूण झाली आणि पेन्सिल थांबली.

“एकाहत्तर?”

“अप्राप्य आहे, सर.”

“कुठे गेला?”

“वाळवी लागली असेल.”

“स्टीलच्या कपाटात?”

मी कपाटाकडे पाहिलं.

“सत्तर आणि बहात्तर ठेवून वाळवीनं नेमका मधलाच खाल्ला?”

“सर, सापडला नाही. जुनी गोष्ट आहे.”

सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “तो निबंध त्या खोक्यात मागच्या दिवाळीत मी ठेवलाय, शहनाज. माझ्या हातानं. त्याआधी पस्तीस वर्षं माझ्या घरी होता.”

चहा आला. मी कप त्यांच्यापुढे सरकवला.

“मग सर, हे सगळं… ही सगळी योजना…”

“बोलून दाखवायचं मी पाच-सहा वेळा ठरवलं. सत्काराच्या वेळी, पंच्याहत्तरीच्या वेळी. उभा राहिलो की लोक टाळ्या वाजवायचे. म्हटलं, आपल्याच्यानं होत नाही तर यंत्राकडून होऊ दे.”

“यंत्राकडून म्हणजे माझ्याकडून.”

“हो,” सर म्हणाले. त्यांनी चहा प्यायला. “तिची संमती लागेल. ती हयात आहे. राहुरीला असते. मी जाऊ शकत नाही. तू जा.”

मला त्या दिवशी सरांबद्दल जे वाटलं ते पूर्वी कधी वाटलं नव्हतं. माणूस चुकला, पण पस्तीस वर्षांनी का होईना स्वतःविरुद्ध पुरावा स्वतः आणून ठेवला. बसमध्ये बसले तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

वाघचौरे बाई निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत एकट्या राहत. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. मी नाव सांगितलं, परिषदेचं सांगितलं, निबंध पिशवीतून काढून पुढे धरला. त्यांनी हात पदराला पुसले, मथळा वाचला आणि निबंध मला परत दिला.

“हा चुकीचा आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई, तुमचाच आहे. खाली सही आहे.”

“माझाच आहे. चुकीचा आहे म्हणते मी. बसा. पाणी देऊ?”

पाणी देता देता त्यांनी सांगितलं. हा निबंध वाचला त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ. त्र्याहत्तरच्या मेमध्ये टाकेसांगवीची बारव पार आटली. गावकऱ्यांनी गाळ काढायला घेतला, तेव्हा बाईंची शाळा बंद होती म्हणून त्याही घमेली वाहायला गेल्या. तळापासूनच्या तिसऱ्या पायरीवर, कायम पाण्याखाली असलेल्या दगडावर, लेख निघाला. पाच ओळी.

“शके सोळाशे चौऱ्याण्णव,” बाई म्हणाल्या. “दुष्काळ पडला म्हणून गावानं खणली, असं लिहिलंय. राजा नाही, सरदार नाही. पुढे नावं आहेत. कुंभार आहे, महार आहे, परीट आहे, दोन विधवा बायका आहेत. दारावरचा दगड मी वाचला होता तो जुन्या देवळाचा. कोणीतरी आणून बसवलेला. साडेपाचशे वर्षांची चूक केली मी.”

“मग तुम्ही कोणाला कळवलं नाही?”

“कळवलं की. लगेच जूनमध्ये. दुसरा निबंध लिहिला, चौदा पानांचा, आणि परिषदेला पाठवला. तेव्हा तुमचे खासनीस कार्यवाह होते. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं.” त्यांनी एक चिंच फोडली. “माझ्या चुकीसकट.”

मी म्हटलं, “बाई, तुम्हाला राग नाही आला?”

“आला ना. दोन-तीन वर्षं फार आला. नाव गेलं म्हणून आला. पण मग आमच्या शाळेत जिल्ह्याच्या माहितीची एक पुस्तिका लागली. चौथीला. त्यात सरांच्या पुस्तकावरून घेतलेला धडा. टाकेसांगवीची बारव कोणी बांधली? राजानं बांधली. पंचवीस वर्षं मी तो शिकवला. परीक्षेत प्रश्न यायचा, दोन गुणांना. मुलं चुकीचं उत्तर लिहायची आणि मी दोनपैकी दोन द्यायची.”

“तुम्ही वर्गात खरं सांगायचं होतं.”

“सांगितलं एका वर्षी. मुलांनी तसंच लिहिलं. तपासणीला साहेब आले, त्यांनी सगळ्या वर्गाचे गुण कापले. पोरं रडली. पुन्हा नाही सांगितलं.” बाई उठल्या आणि आत जाऊन एक फाइल घेऊन आल्या. कार्बन प्रत होती, अक्षरं जांभळी पडलेली. “संमती देते. पण हा एकटा जायचा नाही. हाही बरोबर ठेवायचा. नुसती चूक माझ्या नावावर परत करून काय उपयोग?”

त्यांनी दोन संमतिपत्रांवर सह्या केल्या आणि मला अर्धा किलो चिंच बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी मी थेट सरांच्या घरी गेले. मला वाटत होतं सर म्हणतील, उत्तम झालं. सरांनी जांभळी प्रत हातात घेतली आणि मथळा बघून ती लगेच पालथी ठेवली. त्यांनी तो मथळा पूर्वी पाहिलेला होता हे मला तेवढ्यावरून कळलं.

“तेव्हा पुस्तक छापून होत आलं असेल ना, सर?” मी विचारलं. मी स्वतःच त्यांना वाट काढून देत होते.

“तसं सांगता आलं असतं,” सर म्हणाले. “पण नाही. मी दुसरा अध्याय लिहीत होतो.”

त्यांनी ती प्रत माझ्याकडे सरकवली.

“एकाहत्तर ठेव,” ते म्हणाले. “हा नको.”

“का, सर?”

“नियमात बसत नाही. अधिवेशनात वाचला गेलेला नाही.”

“सर.”

“शहनाज, ऐक. लोक म्हणतील, खासनिसांनी एका बाईचं लिखाण ढापलं. म्हणू देत. ते खरं आहे. पण सिद्धान्त उरतो. तिच्या नावानं उरेल, पण उरेल. हा वर गेला तर उरतच नाही काही. सहा आवृत्त्या, तीस वर्षांचं शिकवणं, माझ्या हाताखाली झालेल्या चार पीएचड्या. सगळं एका आयत्या आणलेल्या दगडावर उभं होतं असं होईल.”

“तसंच आहे ना, सर?”

चोर ठरायची त्यांची तयारी होती. चुकीचं ठरायची नव्हती. बसमध्ये भरून आलेला माझा ऊर आता मला आठवायलाही नको वाटत होता.

“अध्यक्ष म्हणून सांगतोय,” सर म्हणाले. “नियमाबाहेरचं काही चढवायचं नाही.”

मी कार्यालयात आले. पंखा लावला. कपाटाच्या खालच्या फळीवर परिषदेच्या आवक-नोंदवह्या होत्या, कागद कुठून कधी आला ते लिहायच्या. त्या कोणी मागितल्या नव्हत्या आणि मीही कधी उघडल्या नव्हत्या. १९७३ ची काढली. उन्हाळ्याची पानं उलटली. एकोणीस जून. ‘कु. वाघचौरे यांजकडून, चर्चानिबंध, पाने चौदा, सोबत पत्र.’ पुढे ‘मिळाले’ असा शिक्का आणि कार्यवाहांची सही. दि. रा. खासनीस. वळणदार, ठसठशीत अक्षर. माझ्या शिफारसपत्रावर होतं तेच.

कार्यकारिणीचा ठराव मी पुन्हा वाचला. ‘परिषदेकडे आलेला प्रत्येक चर्चानिबंध.’ वाचला गेलेला नव्हे, आलेला.

मी कोणाला विचारलं नाही. एकाहत्तर चढवला. मग चौदा जांभळी पानं स्कॅन केली, अक्षर दिसेना म्हणून पुन्हा गडद करून केली, आणि तारीख घातली एकोणीस जून १९७३. त्याला मी तीनशे तेरा क्रमांक दिला. नोंदवहीचं पान पुरावा म्हणून जोडलं. मी घाईत होते. दोन पानं तिरकी आली आहेत, ती आजही तशीच आहेत.

उद्घाटनाला साठ-सत्तर माणसं आली. वाघचौरे बाई सकाळच्या एसटीनं आल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. त्या कोण हे कोणी विचारलं नाही. पडद्यावर यादी दिसत होती. सरांनी बटण दाबायचं, कोणताही एक निबंध उघडून दाखवायचा, मग लोंढे सरांचं आभारप्रदर्शन आणि चहा, असा कार्यक्रम होता.

सर संगणकासमोर बसले. यादी हळूहळू खाली सरकवत गेले. एकाहत्तरवर थांबले. सभागृहात कोणीतरी खोकलं. सर पुढे सरकले. अगदी शेवटापर्यंत गेले आणि तीनशे तेरा दिसला.

मी भिंतीला टेकून उभी होते. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं नाही, एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येतं. त्यांनी जोडलेलं पान उघडलं. पडद्यावर त्यांची सही आली, चार फूट लांब.

लोंढे सर उठून म्हणाले, “चहा तयार आहे, मंडळी.”

“बसा,” सर माइकमध्ये म्हणाले. मग त्यांनी निबंध उघडला आणि वाचायला सुरुवात केली. प्रस्तावना नाही, खुलासा नाही. मथळा, लेखिकेचं नाव, तारीख, मजकूर. पहिली पाच मिनिटं लोकांना वाटलं नमुन्यादाखल वाचताहेत. मग त्यांना समजायला लागलं आणि कुजबुज सुरू झाली. सरांनी आवाज वाढवला नाही, कमी केला नाही. सातव्या पानावर, ‘तळापासूनच्या तिसऱ्या पायरीवर’ या शब्दांपाशी ते थांबले.

“मी या पायरीपर्यंत कधी उतरलेलो नाही,” ते म्हणाले. “या बारवेतच कधी उतरलेलो नाही. दारातून पाहिली होती.”

आणि पुढची ओळ वाचली.

शेवटच्या पानावर नावं होती. सर एकेक वाचत गेले. मग अडखळले. “इथं स्कॅन नीट आलेलं नाही,” ते म्हणाले. “बाई, हे नाव कोणाचं?”

दुसऱ्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या. “ते स्कॅनमुळे नाही,” त्या म्हणाल्या. “दगडच झिजलाय. मलाही लागलेलं नाही. त्याच्या पुढचंही नाही. मी तिथं रिकामी जागा सोडली आहे.”

“मग मीही सोडतो,” सर म्हणाले. वाचन संपायला पन्नास मिनिटं लागली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना, म्हणून सगळे चहाला गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांनी त्याच आठवड्यात अध्यक्षपद सोडलं. पुस्तकाची सातवी आवृत्ती निघाली नाही. नऊ सभासदांनी राजीनामे दिले, त्यांतले सहा लोंढे सरांच्या सांगण्यावरून. लोंढे सरांनी स्वतः दिला नाही. बाईंनी दोन वर्षांनी तिसरा निबंध पाठवला, उरलेल्या सहा बारवांवर. त्यांतली एक खरोखरच आठशे वर्षांची निघाली. संग्रह अजून चालू आहे. सर २०१३ मध्ये गेले.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले होते. रिक्षा थांबली. सरांनी माझ्या हाताचा आधार घेतला, एक पाय आत ठेवला आणि तसेच थांबले.

“तुझ्या जागी मी असतो,” ते म्हणाले, “तर ती नोंदवही उघडली नसती.”

“माहीत आहे, सर,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि आत बसले. रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं. त्यांनी पत्ता सांगितला. त्याला ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.